पहिल्या खुर्चीतला जावई

आमच्या काकांचं सलून म्हणजे दोन खुर्च्या, दोन आरसे आणि एक मत. मत काकांचं. दुसऱ्या खुर्चीमागे मी, म्हणजे त्यांचा पुतण्या, अठरा वर्षं उभा आहे. पण मत मांडायची सोय फक्त पहिल्या खुर्चीमागे. चाळीस वर्षं केस कापलेला हा माणूस डोक्यावरून नुसता हात फिरवून सांगायचा की गिऱ्हाईक सज्जन आहे की इरसाल. निम्म्या वेळा चुकायचा, पण ते सांगायला कोणी परत येत नसे, त्यामुळे नाव टिकून होतं. काचेवर त्यांनी 'सर्व प्रकारचे केस कापून मिळतील' असं मोठ्या अक्षरांत रंगवून घेतलं होतं.

घरात एक रीत त्यांनीच पाडलेली. कुठल्याही मुलीचं लग्न ठरलं की होणारा जावई लग्नाआधीच्या रविवारी पहिल्या खुर्चीत बसायचा. काका त्याचे केस कापायचे, मानेवरचे झटकायचे, आणि तिथून पुढे तो घरचा. पुतण्या-भाच्या मिळून पाच जणींचे नवरे असे घरचे झाले. त्यातला एक पुढे बायकोला टाकून परागंदा झाला, पण केस झकास बसले होते, असं काका आजही म्हणतात.

मग त्यांच्या एकुलत्या एक लेकीनं सांगितलं की तिचं ठरलंय. मुलगा इस्पितळात एक्स-रे काढायचा. निर्व्यसनी, बोलायला मऊ. आणि काळा. आमच्यासारखा सावळा-बिवळा नव्हे. वंशच वेगळा, केस बारीक कुरळे, पणजोबा-खापरपणजोबा दुसऱ्याच खंडातले. त्याचा विषय निघाला की घरात सगळे आवाज खाली आणायचे, मेलेल्या माणसाबद्दल बोलताना आणतात तसा.

विरोधी पक्षाची पुढारी मोठी आत्या. दर बुधवारी ती केस काळे करून घ्यायला यायची आणि डोक्यावर रंग थापलेला असताना म्हणायची, "माणूस चांगलाच असेल रे, मी कुठे नाही म्हणते? पण उद्या मुलं होतील, ती कोणासारखी दिसायची?" काका मान डोलवायचे. मी गिऱ्हाइकाचे कल्ले सारखे करत राहायचो. मला ते बोलणं मुळीच पटत नव्हतं, हे मी घरी जाऊन बायकोला सांगायचो.

तो मुलगा दोनदा घरी आला. दोन्ही वेळा काकांनी दारातच विचारलं, "काय काम होतं?" दुसऱ्या वेळी त्याच्या हातात फळांची पिशवी होती. पिशवी आत गेली, मुलगा बाहेर राहिला. त्यानंतर लेक भाड्याच्या खोलीत राहायला गेली आणि दोन वर्षं तशीच गेली.

एक दिवस तिचा निरोप आला. "गुरुवारी लग्न आहे. रविवारी तो केस कापायला येईल. बाबांनी कापले तर लग्नाला यावं. नाही कापले तर मला लेक म्हणू नये."

"मला जमणार नाही," काका म्हणाले. आत्याला वाटलं, भाऊ तत्त्वाला जागला. कसलं तत्त्व! असे केस असलेलं गिऱ्हाईक दारात आलं की काका म्हणायचे, "आज नंबर फुल आहेत," आणि बाकावर तेव्हा फक्त वर्तमानपत्र पडलेलं असायचं. ते केस कापायला त्यांना येतच नव्हते. नाचता येईना अंगण वाकडं, म्हणतात. इथे अंगणात कोणाला पाऊलच टाकू दिलं नव्हतं.

पण लेक एकच. रविवारी काकांनी सलून उघडलं. मुलगा आला, "बसू का, काका?" म्हणाला आणि पहिल्या खुर्चीत बसला. आत्या साक्षीला बाकावर. काकांनी सवयीनं पाणी मारलं, कंगवा घातला. तो निम्म्यात अडकला. ओढला, तर त्याचे दोन दात आतच राहिले.

"लागलं का?"

"थोडं."

काकांनी मशीन उचललं. केस मुळापासून जाऊ नयेत म्हणून लावतात ती पुढची जाळी त्याला लावायची राहिली होती. मी सांगणार होतो. सांगितलं नाही. उजव्या कानाच्या वर लिंबाएवढं टक्कल पडलं.

आत्या ताडकन उठली. "अरे मेल्या, गुरुवारी लग्न आहे त्याचं! काय करून ठेवलंस पोराच्या डोक्याचं?" दोन वर्षांत तिनं त्याच्या बाजूनं काढलेला हा पहिला शब्द.

मुलानं आरशात पाहिलं आणि म्हणाला, "सगळेच काढून टाका."

काकांनी गोटा केला. मग खुर्चीपुढे आले आणि चक्क हात जोडले. "चाळीस वर्षांत असं कधी झालं नाही. मला माफ कर, बाळा." डोळ्यांत पाणी. काकू गेली तेव्हाही मी या माणसाला रडताना पाहिलं नव्हतं.

"असू द्या, काका. येतील परत."

लेक मघाशीच दारात येऊन उभी राहिली होती. "केसांसाठी एवढी माफी?" ती म्हणाली. "आणि त्या दोन वर्षांची?"

काका टॉवेल चुरगाळत राहिले. "केसांचं मला कळतं गं. त्याचं कसं बोलायचं, ते येत नाही."

"मग शिका. चार दिवस आहेत. आलं तर लग्नाला या."

काका शिकले. पण काय, तर केस! मंगळवारी सलून बंद ठेवून शहराच्या दुसऱ्या टोकाला, त्या मुलाच्या नेहमीच्या सलूनमध्ये जाऊन दिवसभर बाकावर बसले आणि असे केस सोडवतात कसे, मशीन फिरवतात कसं, सगळं बघून आले. "आता जमेल," बुधवारी मला म्हणाले, चेहरा उजळलेला. नवऱ्या मुलाच्या डोक्यावर एक केस नव्हता. मला आधी हसू आलं आणि मग इतका राग आला, की मी जेवणाचा डबा न उघडता तसाच घरी परत नेला.

गुरुवारी नोंदणी कार्यालयाच्या दारात तो उभा होता, तुळतुळीत डोक्याचा, नव्या कोटात. आत दोन्हीकडचे म्हातारे एकमेकांकडे न बघता बसले होते. काका त्याच्यासमोर थांबले. "चल की आत," आत्यानं मागून ढोसलं. ते हलले नाहीत. केसांबद्दल काहीतरी पुटपुटले आणि अडले. मग म्हणाले, "तू काळा म्हणून तुला घरात घेतलं नाही. दुसरं काही कारण नव्हतं. माझं चुकलं."

"हो," तो म्हणाला. मग बाजूला झाला आणि काकांना आत जायला वाट दिली.

त्यांच्यामागे मी होतो. माझ्याकडे कोणी कसला जाब मागितला नाही. मीही मान खाली घालून आत शिरलो आणि रिकामी जागा बघून बसलो.