सिएनाचं बिस्किट

माझा नवरा दिगंबर खोटं बोलायला गेला की त्याचे कान लाल होतात. म्हणून तो त्या वाटेला जातच नाही. जपानात, नागोयाला बारा वर्षं झाली, गाड्यांचे ब्रेक तपासायची नोकरी. कचऱ्यात टाकायच्या दह्याच्या डब्यालासुद्धा तो धुऊन, पुसून निरोप देतो. इतका सरळ माणूस घरात असणं म्हणजे डोक्याला ताप, असं मी सगळ्यांना सांगत असे.

यंदा मेच्या सुट्टीत आम्ही इटलीत सिएनाला गेलो. सातशे वर्षांपूर्वीचं विटांचं गाव, मधला चौक सुपासारखा उतरता. लोक तिथे बसून आइस्क्रीम खात होते आणि हा वाकून पावसाचं पाणी कुठून जातं ते शोधत होता.

सुट्टीवरून परतलं की ऑफिसात प्रत्येकाला खाऊ न्यायचा, ही जपानची रीत. त्याला ओमियागे म्हणतात. दिगंबरने आठवणीने बदामाच्या बिस्किटांचा डबा घेतला, प्रत्येक बिस्किट वेगळ्या कागदात. पण येताना विमान सात तास रखडलं आणि ‘एकेकच खाऊ या’ म्हणत डबा मी फोडला. नागोयाला उतरलो तेव्हा आत नुसते कागद होते.

स्टेशनखालच्या परदेशी मालाच्या दुकानात तशीच बिस्किटं मिळाली. डब्यामागचं जपानी लेबल मी नखाने खरवडून काढलं.

“विभा, हे बरं नाही.”

“अरे, इटलीचीच आहेत ना? नुसता डबा ठेव. कोण विचारतंय?”

खरंच कोणी विचारलं नाही. सगळ्यांनी खाल्ली. फक्त शेजारच्या टेबलावरच्या मोरीसाननी स्वतःचं बिस्किट रुमालात गुंडाळलं. त्यांची बायको दोन वर्षांपूर्वी गेली. तिला सिएना बघायचं होतं, तिकिटंही काढून झाली होती. बिस्किट ते तिच्यासाठी घरी घेऊन गेले.

संध्याकाळी दिगंबरने हे सांगितलं. मला लाज वाटली, स्वतःचीच. रविवारी दोघांनी जाऊन खरं सांगायचं ठरलं.

मोरीसान आम्हाला बघून हरखले. थेट घरातल्या देव्हाऱ्यापुढे घेऊन गेले. तिथे तिचा फोटो आणि पुढे बशीत, नैवेद्य दाखवावा तसं, ते बिस्किट. त्यांनी छोटी घंटा वाजवली आणि फोटोला म्हणाले, “हेच दिगंबरसान. तुझ्यासाठी सिएनाहून घेऊन आले.”

धरणीने पोटात घ्यावं असं मला झालं. दिगंबरने तोंड उघडलं, पण मोरीसानच्या चेहऱ्याकडे बघून त्याच्या तोंडून जपानी फुटेना. मग तो फोटोकडे वळला, हात जोडले आणि हळूच मराठीत म्हणाला, “ताई, माफ करा. हे सिएनाचं नाही, इथल्या स्टेशनवरचं आहे. तिथून आणलेलं आम्हीच खाऊन टाकलं.”

मोरीसाननी डोळे पुसले आणि मला विचारलं, “काय म्हणाले हो?”

दिगंबर मान खाली घालून उभा होता. आता बोलायची पाळी माझी होती. लेबल मी काढलं होतं.

“प्रार्थना केली,” मी म्हटलं.

मोरीसाननी कमरेत वाकून माझे आभार मानले.