तिच्यासमोर उपकारस्तुती

आमच्या चर्चमध्ये जुनी पद्धत आहे. घरातलं कुणी मोठ्या दुखण्यातून उठलं की त्या घरानं रविवारच्या भक्तीत उभं राहायचं, काय झालं ते सांगायचं आणि सगळ्यांसमोर देवाचे उपकार मानायचे. याला आम्ही साक्ष देणं किंवा उपकारस्तुती म्हणतो. मग पाळकसाहेब प्रार्थना करतात आणि भक्तीनंतर आवारात चहा होतो. अशा साक्षी ऐकतच मी मोठी झाले. कुणी रडायचं, कुणी लांबण लावायचं, आम्ही पोरी मागच्या बाकावर एकमेकींना कोपरानं ढोसायचो. आपल्याही घरावर एक दिवस ती पाळी येईल, असं कधी वाटलं नव्हतं.

गेल्या हिवाळ्याच्या तोंडावर माझे मिस्टर आणि त्यांचे मित्र गंगापूरकडच्या एका खेड्यात गेले होते. तिथल्या लहानशा मंडळीचा कापणीचा सण होता. शेतातलं पहिलं धान्य, भोपळे, कणसं आणून वेदीपुढं ठेवतात आणि गाणी म्हणतात. मिस्टर गायचे, मित्र पेटी वाजवायचे. दोघांची जोडी लग्नाआधीपासूनची. आम्ही पुंडलिकनगरला राहतो, ते छावणीत. त्या मित्रांना मी भाऊ म्हणायचे, त्यांच्या बायकोला ताई म्हणते. ती नर्स आहे. माझ्या बाळंतपणात माझ्या आईआधी तीच पोचली होती.

परत येताना अंधार पडायच्या वेळी उसाची एक ट्रॉली रस्त्यात उभी होती. मागे दिवा नाही, काही नाही. दोघांची मोटरसायकल सरळ तिच्यावर गेली.

फोन आला तो अनोळखी माणसाचा. "बाई, घाबरू नका, पण लवकर निघा. तुमची दोन माणसं जीपमधी टाकून शहरात आणायलोय." एवढंच बोलला. कोणत्या माणसाला किती लागलंय हे मी विचारायच्या आत फोन बंद झाला. ताईला मीच कळवलं. ती म्हणाली, "कुठल्या दवाखान्यात?" तिचा आवाज ड्यूटीवर असताना असतो तसा होता.

दोघांनाही एकाच आयसीयूत ठेवलं होतं. बाहेर लोखंडी बाकांची रांग. त्या बाकावर आम्ही दोघी दिवसरात्र बसून राहिलो. एकाच डब्यातलं खायचं, एकच शाल आळीपाळीनं पांघरायची. आत सोडायचे ते सकाळ-संध्याकाळ थोडा वेळ. ताई आत गेली की दोन्ही पलंगांपाशी जायची. मशीनवरचे आकडे तिला वाचता यायचे, मला नाही. बाहेर आली की मी तिच्या तोंडाकडे बघायचे.

"तुझ्या माणसाचं बीपी धरतंय," ती सांगायची. "काल लघवी कमी होती, आज बरी आहे."

"आणि भाऊंचं?"

"बघू."

पहिल्या दिवशी 'बघू' म्हणाली तेव्हा मला काही वाटलं नाही. दुसऱ्या दिवशीही तेच म्हणाली. तिसऱ्यांदा मी विचारलंच नाही. तिला कळून चुकलं होतं आणि तिला कळलंय हे मला कळलं होतं. पण आम्ही दोघी तसं दाखवत नव्हतो.

चर्चची माणसं रोज यायची. व्हरांड्यात गोल करून उभी राहायची आणि पाळकसाहेब हळू आवाजात प्रार्थना करायचे, "प्रभू, तुझ्या या दोन्ही लेकरांना उठव." दोन्ही हा शब्द आला की ताई माझा हात घट्ट दाबायची. माझ्या सासूबाई पैठणकडच्या खेड्यातल्या. त्या डोक्यावर पदर घेऊन सगळ्यांच्या नंतर एकट्याच पुटपुटायच्या. त्यांच्या प्रार्थनेत फक्त त्यांचा मुलगा होता.

एके दिवशी सकाळी डॉक्टर बाहेर आले आणि पेटीवाल्या भाऊंचं नाव घेऊन विचारलं, नातेवाईक कोण? ताई उठली. मीही उठले. ती म्हणाली, "तू बस." मी उभीच राहिले. डॉक्टर बोलत होते, ती मान हलवत होती. मग तिनं पायातल्या चपला सारख्या केल्या आणि आत गेली. रडण्याचा आवाज आला तो तिचा नव्हता. चर्चमधल्या बायकांचा होता.

दुसऱ्या दिवशी भाऊंना मूठमाती दिली. पाळकसाहेबांनी शेवटची प्रार्थना म्हटली तेव्हा मी ताईजवळ उभी होते आणि माझ्या हातातला फोन थरथरला. दवाखान्यातून माझ्या भावाचा होता. मी बाजूला झाले. "दाजींनी डोळे उघडले," तो म्हणाला. "त्यांच्या आईला ओळखलं." मी परत येऊन ताईशेजारी उभी राहिले. तिनं माझ्याकडे एकदा बघितलं. काय झालं ते मी सांगितलं नाही आणि तिनं विचारलंही नाही. लोक मातीच्या मुठी टाकत होते.

मिस्टर घरी आले ते नाताळाच्या आसपास. पायात सळई, चालायला वॉकर. बोलणं कमी झालेलं. अपघाताचा विषय निघाला की भिंतीकडे तोंड करायचे. आणि घरात सासूबाईंनी धोशा लावला.

"म्या देवाला बोलले हाय. पोरगा पायावर उभा राह्यला की भर चर्चात उपकारस्तुती करीन. देवाला दिलेला सबूद मोडायचा नस्तोय."

"आई, मी नाही उभा राहणार," मिस्टर म्हणाले.

"का रं? तुला वाचिवलं ते काय उगंच?"

"माझं नाव नका घेऊ."

"मग काय, बुवा, देवाची लाज वाटायली व्हय तुला?"

ते उठून आत गेले. वॉकर दाराच्या चौकटीला आपटला. सासूबाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी तवा गॅसवर ठेवला आणि पोळ्या लाटायला घेतल्या, कारण दुसरं काय करावं ते सुचत नव्हतं. खरं तर मलाही उपकार मानायचे होते. सकाळी जाग आली की शेजारी त्यांचा श्वास ऐकू यायचा आणि मी तो मोजत पडून राहायचे. ते मानायचे कुणासमोर? आमच्या चर्चमध्ये ताईचा बाक आमच्यापुढचा. तिच्या पाठीकडे बघत मी देवाचे आभार कसे मानणार होते?

सासूबाईंनी परस्पर पाळकसाहेबांना सांगून टाकलं आणि पुढच्या रविवारचं ठरलं. मग मात्र मला राहवेना. शनिवारी दुपारी रिक्षा करून मी छावणीत गेले.

ताईनं दार उघडलं. पाणी दिलं. आधी तिच्या घरी गेलं की मी सरळ स्वयंपाकघरात शिरायचे. त्या दिवशी पाहुण्यासारखी खुर्चीत बसले. पेटीवर चादर टाकलेली होती. काहीतरी इकडचं तिकडचं बोललो, मग मी म्हणाले, "ताई, उद्या आईंनी उपकारस्तुती ठेवली आहे."

"कळलं मला. पाळकबाईंचा फोन आला होता."

"तू नाही म्हणालीस तर मी थांबवते."

"मी का नाही म्हणू?" ती म्हणाली. "तुझं माणूस वाचलं. उपकार नाही मानायचे तर काय करायचं?" उठून तिनं पेटीवरची चादर सारखी केली. मग एकदम माझ्याकडे वळली. "फक्त एक ऐक माझं. 'देवानं आमची प्रार्थना ऐकली,' असं म्हणू नका. त्या बाकावर आपण दोघी एकच प्रार्थना करत होतो. तुझी ऐकली, तर मग माझ्या प्रार्थनेचं काय झालं? मी काय हळू बोलले?"

हातातला पाण्याचा पेला मी खाली ठेवला.

"तू येणार आहेस का उद्या?" मी विचारलं.

"माहीत नाही."

घरी येऊन सासूबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पण म्हणाल्या, "देवानं ऐकलं न्हाई म्हणू का मग? खोटं बोलू देवाच्या घरात?" त्यांचंही मला पटत होतं. मिस्टर रात्रभर कूस बदलत होते.

रविवारी आम्ही लवकर जाऊन बसलो. आमच्या पुढचा बाक रिकामा होता. पहिलं गीत झालं. पेटीवर कॉलेजातली एक मुलगी होती, तिचा सूर जरा मागे राहत होता. दुसऱ्या गीताला ताई आली. पांढरी साडी, खांद्यावर पर्स. सरळ चालत आली आणि आपल्या बाकावर बसली, मागे बघितलं नाही. मला शास्त्रपाठ ऐकू आला नाही. संदेश कशावर होता तेही आठवत नाही. तिच्या मानेवरचा बारीक केसांचा पुंजका तेवढा आठवतो. आणि सासूबाई शेजारी ओठ हलवत होत्या, साक्ष मनातल्या मनात म्हणून बघत होत्या.

पाळकसाहेबांनी बोलावलं. सासूबाई पुढं गेल्या. मी त्यांना डोळ्यांनी विनवत होते, पण त्यांनी डोळे मिटूनच घेतले होते.

"माझा एकुलता एक पोरगा मरणाच्या दारात व्हता," त्या म्हणाल्या. आवाज कापत होता. "समदे म्हणले, काय खरं न्हाई. म्या देवाचे पाय धरले. आन् देवानं या म्हातारीचं ऐकलं."

कुणीतरी 'आमेन' म्हणालं. ताई उठली. पर्स घेतली आणि मधल्या वाटेनं चालत बाहेर गेली. आवाज न करता, कुणाकडे न बघता. सासूबाई बोलत राहिल्या, त्यांचे डोळे मिटलेलेच. आणि माझ्या बाजूला वॉकर खडखडला. मिस्टर उठले होते. "बसा," मी पुटपुटले. ते थांबले नाहीत. भरल्या चर्चमध्ये तो वॉकर टक-टक करत दाराकडे निघाला आणि सगळ्या माना मागे वळल्या. मी त्यांच्यामागे गेले. पडतील, या भीतीनं.

ताई आवारात कडुनिंबाखाली उभी होती. त्यांना बघून म्हणाली, "दादा, तुम्ही कशाला आलात? आत जा."

"वहिनी, मला बोलायचंय."

"आज नको."

"आजच. नाहीतर मी परत नाही बोलू शकणार." ते धापा टाकत होते. "गाडी मी चालवणार होतो. जाताना मीच चालवली. येताना माझ्या डोळ्यात कचरा गेला, पाणी थांबेना. आम्ही चहाला थांबलो, तिथं तो म्हणाला, आण इकडं, मी घेतो. म्हणून तो पुढं होता. वहिनी, ती जागा माझी होती."

हे मीही पहिल्यांदाच ऐकत होते. आतून गाणं सुरू झालं. ताईनं पर्स एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली. तिचा चेहरा बघून मला वाटलं, ही आता यांना काहीतरी असं बोलेल की ते पुन्हा कधी उभे राहणार नाहीत. मी मध्ये पडायला पुढं झाले.

"चहाला थांबलात?" ती म्हणाली.

"हो."

"त्यांनी घेतला?"

"घेतला."

"साखरेचा?"

मिस्टर गोंधळले. "हो. दोनदा घेतला. वर गुळाची जिलेबी पण खाल्ली."

"शुगर होती त्यांना," ताई म्हणाली. "मला वचन दिलं होतं, बाहेर कुठंच गोड खाणार नाही म्हणून." आणि तिला हसू फुटलं. हसताना ती खाली पारावर बसली आणि मग तिला रडू आलं. दवाखान्यात आलं नव्हतं, मातीच्या वेळी आलं नव्हतं, ते आलं. मी तिच्याजवळ बसले. मिस्टर वॉकर धरून उभेच होते, त्यांना खाली बसता येत नव्हतं.

डोळे पुसून ती त्यांना म्हणाली, "आणखी काय बोलले? सगळं सांगा मला. पहिल्यापासून."

आणि ते सांगायला लागले. खेड्यात कोणतं गीत दोनदा म्हणायला लावलं, पेटीची एक पट्टी अडकत होती, त्यावरून भाऊ कसे चिडले. घरात इतक्या महिन्यांत बोलले नव्हते एवढं बोलले. भक्ती सुटली, लोक बाहेर आले, चहाचे कप घेऊन लांबच उभे राहिले. कुणी जवळ आलं नाही, हे मात्र त्या लोकांनी चांगलं केलं.

सासूबाई त्या आठवड्यातच छावणीत जाऊन आल्या, एकट्या. काय बोललात, असं मी विचारलं. म्हणाल्या, "काय बोलायचं? तिचं डोकं दुखत व्हतं, तेल लावून आले." दोघींपैकी कुणी त्यापुढं काही सांगितलं नाही. सासूबाई अजूनही म्हणतात की देवानं त्यांचं ऐकलं. पण आता घरात म्हणतात, चर्चमध्ये नाही.

माझं म्हणाल तर, मी उपकार मानते. रोज मानते. पण 'कारण' हा शब्द मी प्रार्थनेतून काढून टाकलाय. हे मिळालं म्हणून, ते टळलं म्हणून, असं म्हणायला गेले की जीभ अडखळते. नुसतं 'उपकार' म्हणते आणि थांबते. हे बरोबर की चूक, पाळकसाहेबांना विचारलेलं नाही.

ताई त्या रविवारनंतर चर्चला आली नाही. आमच्याकडे यायची, मिस्टरांच्या पायाचा व्यायाम बघायची, चर्चचा विषय काढायची नाही. मग गुड फ्रायडेला, प्रभूच्या मरणाच्या दिवशी, दुपारच्या कडक उन्हात, तीन तासांच्या भक्तीला ती आली. शेवटपर्यंत बसली. बाहेर पडताना मी हिंमत करून म्हणाले, "परवा रविवारी पहाटे पुनरुत्थानाची, ईस्टरची भक्ती आहे. आम्ही रिक्षानं येणार, तुला घेऊ का?"

तिनं छत्री उघडली.

"शुक्रवार जमतो मला," ती म्हणाली. "रविवार अजून नाही."

"बरं," मी म्हणाले आणि आम्ही दोघी फाटकापर्यंत एकाच छत्रीत चालत गेलो.