पाठ असलेला हात

रंगमंचावर मी ज्या खोट्या सुऱ्यांनी मेलो, त्यांच्याही मुठी आमचा शेजारी सुरीवाला खऱ्यासारख्या मन लावून बसवायचा. पात्याच्या मुळाशी पितळेचा वक्र तुकडा, त्याला लागून लाकडाच्या दोन फळ्या. सांध्यातून किंचित उजेड दिसला तरी तो पुन्हा कानस हातात घ्यायचा. त्याआधी प्रत्येक गिऱ्हाइकाला ओल्या मातीचा गोळा दाबायला लावायचा आणि त्या ठशावरून मुठीची गोलाई ठरवायचा.

त्याच्या बायकोची बोटं दुखण्यानं आखडली, तेव्हा तिला पुन्हा भाजी चिरता यावी म्हणून त्यानं सुरी करायला घेतली. गोळा मात्र तिच्याकडे नेला नाही.

"हिचा हात मला पाठ आहे," तो मला म्हणाला.

सुरी देखणी झाली. सांधा शोधून सापडेना. मी समोरच बसलो होतो. तिनं सुरी हातात घेतली, पण बोटं मुठीभोवती मिटेनात. सुरी ओट्यावर ठेवून ती हसली.

"अहो, हा आपल्या लग्नातला हात. तो कधीच गेला."

"थोडी घासून देतो."

"घासून मूठ बारीक होते, मला जाड हवी. एवढं तर तुम्हाला चहा देता देता मीही शिकले."

तो उठला, माती भिजवून गोळा आणला आणि तिच्या तळव्यावर ठेवला. तिनं ओठ मिटून जोर लावला. मातीवर चार पुसट खुणा उमटल्या.

"दाब ना," तो हळूच म्हणाला.

"दाबला."