सासूच्या वाटणीचं तेल

"कानाला हात लावू द्यायची नाय मी कुणाला. आत सासू बसलीये माझी."

"मग म्हणावं, उतरा आता खाली. पाहुण्यानं किती दिवस राहायचं?" इस्त्रीवाली पट्टी बांधलेली बोटं नाचवत म्हणाली, आणि धुलाईखान्यातल्या बाया खो खो हसल्या.

भट्टीवाली हसली नाही. तिनं ओला फडका कानांवरून आणखी आवळला आणि उकळत्या चादरी दांड्यानं ढवळू लागली. दांडा सासूचा. भट्टीजवळचं बुटकं स्टूलही सासूचं. म्हातारीनं सगळी हयात या वाफेत काढली, हाडं शिजली तेव्हा सुनेला आणून आपल्या जागी उभी केली. इस्पितळाच्या चादरी. कुणी बाळंत झालेल्या, कुणी शेवटचा श्वास सोडलेल्या. भट्टी कुणाला ओळख देत नाही, सगळ्यांना सारखीच उकळते.

म्हातारीचा कान कायम खाजायचा. दुपारची सुट्टी झाली की स्टुलावर मान कलती करून बसायची. सून म्हातारीच्याच केसातली पिन काढून कान कोरायची, कोमट तेल सोडायची, वर कापसाचा बोळा. म्हातारी तोंडाची फाटकी. "हळू की गं भवाने, कान आहे, मोरी नाय!" पण तेल आत उतरलं की मांजरागत डोळे मिटायची. सुनेशी चार शब्द गोड बोलायची ते तेवढ्याच वेळात. मरताना शुद्ध येत होती, जात होती, तरी म्हणालीच, "माझ्या वाटणीचं तेल चुकवू नको."

आता मेलेल्या माणसाच्या कानात तेल घालायचं कसं? सुनेनं आपलं डोकं चालवलं. रोज दुपारी त्याच स्टुलावर बसायचं, त्याच पिनेनं कोरायचं, आणि म्हातारीच्या वाटणीचं तेल आपल्याच उजव्या कानात ओतायचं.

थोड्याच दिवसांत कान खाजायला लागला. मग आत खुसफूस. आणि एका दुपारी खोकला, हुबेहूब तिचा, घशात खडा अडकल्यागत. मागोमाग हाक, "अगं एऽऽ". भट्टीवालीनं गर्रकन मागं पाहिलं. वाफ होती, आणि वाफेत ते स्टूल, ओलं.

नवऱ्याला सांगितलं. "आई ना? जितेपणी कुणाचं ऐकलं नाय, आता काय ऐकणार," म्हणत त्यानं दुकानातून कानाचे थेंब आणले. एक बाटली सरली की दुसरी. म्हातारी हलली तर नाहीच, उलट पाय पसरून बसली.

आणि काल इस्त्रीवाली उजव्या बाजूनं ओरडली होती, "थांब, हात आहे माझा!" भट्टीवालीला ऐकू आली ती फक्त सासू. तिनं सोडलेलं भट्टीचं झाकण पडलं ते इस्त्रीवालीच्या बोटांवर.

मुकादमानं हसणाऱ्या बायांना कामाला पिटाळलं आणि हिला म्हणाला, "कान दाखवून ये. नायतर बस घड्या घालत, भट्टी दुसरीला देतो."

दुसरीला म्हणजे दांडा दुसरीला, स्टूलही दुसरीला. भट्टीवाली कान दाखवायला गेली.

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी दिवा लावून आत पाहिलं आणि एकेक विचारत गेल्या. काम वाफेत? कानावर ओला फडका? पिन घालता? तेल? बोळा? वर दुकानातले थेंब? ही सगळ्याला मान हलवत राहिली.

"बाई, शेत नांगरून, पाणी पाजून तयार ठेवलंत की! बुरशी आहे ही. ओलसर डब्यात पावाला येते ना, त्याच जातीची. कानाचा मळ राखणदार असतो, तो तुम्ही खरवडून काढला. पिनेनं आतली कातडी सोलली. तेल आणि बोळ्यानं ओल कोंडली. थेंबांनी जंतू मेले, बुरशीला दाबून ठेवणारे भाऊबंद ते. मग हिला रान मोकळं. पिन कुणाची?"

"सासूची. तिच्याबी कानात तीच घालायचे."

"मग तिच्या कानातलंच तुमच्या कानात आलं असेल."

बाई सहज बोलून गेल्या. भट्टीवालीनं कानावर तळहात दाबला.

कानात घातलेली बारीक नळी घरघरली. काहीतरी सुटलं. ओल्या कागदाचा लगदा, त्यावर राखाडी लव, लवेवर काळे ठिपके.

"टाकू नका," तिच्या तोंडून निघून गेलं.

"काय?"

"काय नाय."

लगदा कचऱ्यात गेला. बाईंनी बुरशीचं औषध लिहून दिलं, कान कोरडा ठेवायला सांगितलं. तेल बंद, पिन बंद.

धुलाईखान्यात परतली तेव्हा दुपारची सुट्टी चालू होती. तिनं फडका सोडून टाकला. भट्टीचं रटरटणं दोन्ही कानांनी आलं, इतकं मोठं की ती दचकली. सवयीनं स्टुलावर बसली, मान आपोआप कलली, हात पिनेकडे गेला आणि तिथंच राहिला. खोकला नाही. हाक नाही.

आणि मग पहिल्यांदा तिला खरी भीती वाटली. कानात होती तोवर म्हातारी कुठं आहे ते तरी ठाऊक होतं.

तिनं मागं वळून पाहिलं नाही.

"झाल्या का तुझ्या सासूबाई बिऱ्हाड हलवून?" इस्त्रीवालीनं उजव्या बाजूनं, उघड्या झाकणावर हात टेकत विचारलं.

"हात काढ आधी झाकणावरनं," भट्टीवाली म्हणाली. दांडा उचलला आणि चादरी ढवळायला लागली.