लिफ्टमधला टोपीवाला

माझ्या भाचीची जीभ कधी टाळूला लागत नाही. घरात आम्ही तिला रेडिओच म्हणतो. तिची आई, म्हणजे माझी थोरली बहीण, नर्स आहे. तिचं फोनवर बोलणं म्हणजे ‘जेवलीस का, बरी आहेस ना, ठेव मग.’ त्यामुळे परदेशात एम.एस. करायला गेल्यापासून रेडिओ रोज लागायचा तो माझ्याकडे. तिची संध्याकाळ म्हणजे माझी सकाळ. मी शिलाईच्या मशीनवर बसलेली, फोन दोऱ्यांच्या डब्याला टेकवलेला, आणि ती प्रयोगशाळेतून खोलीवर निघालेली.

दिवसभर नदीच्या पाण्याच्या बाटल्या तपासायच्या आणि आकडे टिपायचे, हा तिचा अभ्यास. तिथे कुणाशी चकार शब्द बोलायला मिळायचा नाही. मग दाराबाहेर पाऊल पडलं की धरण फुटायचं. दोन्ही हातात पिशव्या, फोन कोटाच्या वरच्या खिशात, स्पीकर चालू. बस, रस्ता, कोपऱ्यावरचं औषधाचं दुकान, इमारतीची लिफ्ट, सगळं मला पाठ झालं होतं. तिथे कधी न जाताही मी डोळे मिटून तिच्या खोलीवर पोचले असते.

“अगं हळू बोल, लोक ऐकतात,” मी म्हणायचे.

“ऐकू दे की! कुणाला डोंबल कळतंय? इथे मराठी बोलायचं म्हणजे बंद खोलीत बोलल्यासारखं आहे, मावशी.”

समोर बसलेल्या माणसाचं वर्णन ती त्याच्या तोंडावर करायची. बसमधल्या एका बाईंचं नाव घुबड. तिच्याच मजल्यावर राहणाऱ्या एका संशोधकाचं नाव टोपीवाला, कारण तो कानांपर्यंत लोकरीची टोपी ओढून असायचा. “आला बघ लिफ्टमध्ये. ठोंब्यासारखा उभा राहतो मेला, पण दार मात्र धरतो हं माझ्यासाठी.” आणि मग खो खो हसणं.

थंडी वाढली तशा तिच्या तक्रारी वाढल्या. खोलीबाहेरचा दिवा सारखा लुकलुकतो. दाराची कडी नीट बसत नाही, खांद्याने ढकललं की दार उघडतं. घसा धरलाय. लिफ्टमधून, बसमधून, जिथून सुचेल तिथून तिचं हे गाऱ्हाणं चालू. दुसऱ्या दिवशी दिवा बदललेला. “बघ, नुसतं मनात आलं की काम होतं इथे!” त्यानंतर दाराच्या मुठीला एक पिशवी, आत घशाच्या गोळ्या. तिला वाटलं खोलीतल्या मैत्रिणीने आणल्या. मैत्रीण दुसऱ्याच देशातली, दोघींचं बोलणं मोजकंच. ती म्हणाली, मी नाही आणल्या.

मग वाढदिवस आला. आदल्या दिवशी बसमधून उतरताना रडवेली झाली होती पोरगी. “उद्या माझा वाढदिवस, मावशी, आणि या अख्ख्या शहरात एकालाही माहीत नाही गं.” सकाळी दारात फुलं होती. चिठ्ठी नाही, नाव नाही. ती खूश होऊन मला फोटो पाठवतेय आणि माझ्या हातातली कात्री तशीच राहिली.

“तू सांगितलंस कुणाला?”

“कुणालाच नाही. तुलाच फक्त.”

“मला कुठल्या भाषेत सांगितलंस?”

ती हसली. मला हसू येईना. त्याच आठवड्यात मैत्रीण पंधरवड्यासाठी घरी जाणार होती आणि ही बया तेही लिफ्टमध्ये उभी राहून बोलली होती, “मी एकटीच गं आता, आरामच आराम!” मी रात्रभर कूस बदलत होते. दिवा झाला, गोळ्या झाल्या, फुलं झाली. तिने बोललेली प्रत्येक गोष्ट कुणीतरी ऐकून केली होती. कडी तेवढी कुणी दुरुस्त केली नव्हती.



दुसऱ्या दिवशी ती प्रयोगशाळेत एकटी असतानाच मी फोन लावला आणि पढवलं. “आज लिफ्टमध्ये शिरलीस की मला नेहमीच्या आवाजात म्हणायचं, अगं बाई, त्या काळ्या कोटवाल्याच्या मानेवर झुरळ! बस. कुणाकडे बोट नाही दाखवायचं. कोण मान झटकतो ते बघ.” थंडीत तिथे सगळेच काळे कोट घालतात, तिनेच सांगितलेलं.

“मावशी, तू पण ना! डिटेक्टिव्हच झालीस,” म्हणाली. पण कबूल झाली. गंमत म्हणून.

तिच्या संध्याकाळी लिफ्टचं दार लागल्याचा आवाज आला. माझं मशीन बंद होतं. तिने म्हटलं, आणि काय झकास म्हटलं, “अगं बाई मावशी, त्या काळ्या कोटवाल्याच्या मानेवर केवढं मोठं झुरळ!”

 लिफ्टची घरघर तेवढी.

“काय झालं? बोल ना!” मी ओरडले.

 पुरुषाचा आवाज आला. शांत, आपल्या शेजारचे असतात तसा. “झुरळ नाहीये हो, मावशी. उगाच घाबरवता. गुडघा काय म्हणतोय तुमचा?”

माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, दिवाभीतासारखी घरात बसून होते महिनाभर. तिकडे ते मी फक्त पोरीला सांगितलं होतं. तिच्या खिशातल्या फोनवरून.

 पळ म्हणावं तर त्यालाही कळणार. कुठे जा, कुणाला हाक मार, काहीही सांगितलं तरी ते आधी त्याच्या कानात जाणार. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, आम्हा दोघींना दुसरी एखादी भाषा यायला हवी होती. मग मी भरकटल्यासारखी सुटलेच. “गुडघा बरा आहे! तुम्ही कुणाचे कोण? गाव कुठलं? आई आहे का घरी? तिला माहीत आहे का, परक्या पोरीच्या दारात फुलं ठेवता ते? बोला ना, इतके महिने ऐकताय, आता बोला!” श्वास न घेता ओरडत राहिले.  दार उघडल्याचा आवाज आला आणि तिच्या बुटांचा, पळत गेल्याचा. तिने मधल्याच कुठल्यातरी मजल्याचं बटण दाबलं होतं, ते मला नंतर कळलं. तिथल्या सामाईक स्वयंपाकघरात पाच-सहा मुलं भांडी घासत होती, त्यांच्यात जाऊन ती खाली बसली.

तिने तक्रार केली तेव्हा वसतिगृहाच्या ऑफिसातल्या बाईंनी विचारलं, त्याने नक्की केलं काय? दिवा बदलला, गोळ्या दिल्या, फुलं दिली. टोपीवाला म्हणे त्यांना म्हणाला, इथे बोलायला कुणी नाही, आपली भाषा कानावर पडली की बरं वाटायचं. असेलही. मी दगड नाही, मलाही पोटात तुटलं क्षणभर. पण मग पहिल्याच दिवशी ‘मीही तिकडचाच’ म्हणायला काय धाड भरली होती? आपल्याकडचा माणूस परक्या गावात आपली भाषा ऐकून गप्प राहतो का कधी?

तिला दुसऱ्या इमारतीत खोली मिळाली. प्रबंध व्हायचाय, त्यामुळे परत ये म्हणायचीही सोय नाही. फोन अजून रोज येतो. ती कानात इअरफोन घालून चालते आणि बोलत नाही. मी तिची पावलं ऐकते. बसमध्ये काही ऐकू येत नाही, रस्त्यावर येतं, जिन्यावर चांगलं येतं. लिफ्ट तिने सोडली. मग चावी फिरते, दार लागतं, कडी सरकते.

“पोचले,” ती म्हणते. दार आतून बंद आहे, खोलीत दुसरं कुणी नाही, आणि तरी माझी पोरगी कुजबुजते.