आधी पाणी, मग भांडण

आमचे सौदीअण्णा माणसाला आधी पाणी देत आणि मग शिव्या. वीजबिलवाला असो की वाट चुकलेला परका, गडमुडशिंगीतल्या त्यांच्या दारात कुणी उभं राहिलं की तांब्या पुढे यायचा. "प्या आधी पावणं. मग बघतो तुमच्याकडं." आणि खरोखरच बघायचे!

ते माझे थोरले चुलते. उमेदीची वर्षं त्यांनी सौदीच्या वाळवंटात पाण्याचा टँकर चालवला, पण त्या मुलखाबद्दल प्रेमाचा शब्द त्यांच्या तोंडून कधी निघाला नाही. "झाड न्हाय, झुडूप न्हाय. काल गेलतो ती वाट आज गायब. वाऱ्यानं वाळूचा डोंगरच उचलून दुसरीकडं ठेवलेला." फडकं गुंडाळल्याशिवाय स्टिअरिंगला हात लावता येत नसे. उंट-शेळ्या घेऊन तंबूत राहणाऱ्या बद्दू लोकांवर तर त्यांचा खास राग. टँकरला उशीर झाला की ती माणसं अंगावर धावून येत.

एकदा रिकामा टँकर घेऊन परतताना अण्णा वाळूत रुतले. जवळचं पाणी संपलं. दुपार कलल्यावर एक गाडी आली. सकाळीच ज्याने त्यांची गचांडी धरली होती, तोच बद्दू म्हातारा! त्याने आपला कॅन त्यांच्या तोंडाला लावला, पोटभर पिऊ दिलं आणि मग परत गचांडी धरली. "तहानलेल्या माणसाशी त्ये भांडत न्हाईत पोरी," अण्णा सांगत. "माणसं वंगाळ, पर भांडायची रीत चोख."

ती रीत त्यांनी आमच्या घरावरच चालवली. ते परत आले तेव्हा शेताचा बांध माझ्या बाबांनी सरकवला होता, असं त्यांचं म्हणणं. बाबांनी भर चौकात शपथ घेतली, "तुझ्या घरचं पाणी पिणार न्हाय!" आणि तिथेच अडकले. बाबा तावातावाने भांडायला जात, अण्णा तांब्या पुढे करत, बाबा तो ढकलत. "पाणी न्हाय, तर भांडान बी न्हाय," म्हणत अण्णा दार लावून घेत. बाबा घरी येऊन आमच्यावर ओरडत. मला अण्णांचा मनापासून संताप यायचा.

यंदाच्या उन्हाळ्यात अण्णांनी अंथरूण धरलं. डॉक्टरांनी आशा सोडली, तेव्हा बाबा गेले. काकूंनी अण्णांच्या तोंडात घालायला पाण्याचा चमचा बाबांच्या हाती दिला. अण्णांनी ओठ घट्ट मिटले आणि तो हात बाजूला सारला.

"आधी तू पी."

बाबांनी चमचा खाली ठेवला. मग त्यांनी उशाचा तांब्या उचलून घटाघटा रिकामा केला. सदरा भिजला, डोळे तर आधीच भिजले होते.

"हां," अण्णा म्हणाले. "आता बोल. बांध कुणाचा?"

"माझाच हाय की!" बाबा हुंदके देत ओरडले.

दिवेलागणीपर्यंत दोघे भांडले. अण्णांचा आवाज फुटेनासा झाला, तेव्हा बाबा त्यांच्या तोंडाशी कान नेऊन शिव्या ऐकत होते आणि मध्येच चमच्याने पाणी पाजत होते.

सकाळी अण्णा गेले. बांध कुणाचा ते ठरलंच नाही. बाबा अजून संध्याकाळी त्यांच्या दारापर्यंत जातात आणि काकूंनी दिलेलं पाणी पिऊन गप्प परत येतात.