अक्कांचा तांबड्यापलीकडचा उजेड

प्रॅक्टिकलची परीक्षा चालू होती. बाहेरून आलेले परीक्षक एका मुलीला भिंगाबद्दल काहीतरी विचारत होते, तेवढ्यात शिपायाने दारातूनच खूण केली. ऑफिसात फोन होता. शिरोळहून अक्कांचे धाकटे भाऊ बोलत होते. "अक्का गेली, सर. सकाळी चहा घेतला आणि खुर्चीतच..." मी परत आलो आणि उरलेल्या मुलींची परीक्षा पुरी केली. काय विचारलं, किती गुण दिले, आता आठवत नाही. या गोष्टीला सहा आठवडे झाले. त्या दिवशी मला रडू आलं नव्हतं, राग आला होता. तो अजून गेलेला नाही, आणि त्यातला बराचसा माझ्या स्वतःवरच आहे.

अक्का म्हणजे आमच्या कॉलेजातल्या रसायनशास्त्राच्या डॉ. शैलजा मगदूम. घर व्यापाऱ्याचं, बोलणं निम्मं मराठी, निम्मं कानडी. घरात सगळे त्यांना अक्का म्हणत, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. मी त्यांच्याहून सात-आठ वर्षांनी लहान, शेजारच्या भौतिकशास्त्र विभागात. सत्त्याण्णव साली एकदा त्या एक छोटी बाटली घेऊन माझ्या टेबलाशी आल्या. बाटलीच्या तळाशी वाळलेल्या मेंदीसारखी चिमूटभर पूड होती. "सुरेश, ह्यातनं उजेड काढायचाय. डोळ्याला दिसणार न्हाई असला. येतोस का बरोबर?" मी हसलो. त्या हसल्या नाहीत. त्यांच्या वडिलांचा पाय मधुमेहात गेला होता. बोटांपर्यंत रक्त पोचत नाही हे डॉक्टरांच्या ध्यानात आलं, तोवर बोटं काळी पडली होती. तांबड्याच्या पलीकडचा उजेड कातडीतून आत शिरतो आणि रक्त कुठवर पोचतंय ते सांगू शकतो. असा उजेड देणारा पातळ दिवा पायाला पट्टीसारखा गुंडाळता आला तर... एवढं एकच त्यांच्या डोक्यात होतं, आणि त्यासाठी लागणारा रेणू त्या स्वतः घडवत होत्या.

हे काम किती चिवट आहे, ते त्या मला दोन्ही हात पसरून समजावायच्या. रेणू लांब ओढत नेला की त्याचा उजेड तांबड्याच्या पलीकडे सरकतो, पण तेवढाच तो ढिला पडतो आणि आतल्या आत थरथरून सगळी ऊर्जा उष्णतेत घालवतो. म्हणजे त्याला लांबही करायचा आणि ताठही ठेवायचा. वर शेजारच्या रेणूंना चिकटला की विझतोच, म्हणून त्याला दोन्ही बाजूंनी कोपरं फुटल्यासारखे जाड गट जोडायचे. एकेक रेणू तयार व्हायला चार-चार महिने लागत. मग मी काचेवर त्याचा पातळ थर द्यायचा, वर निर्वात भांड्यात ॲल्युमिनियम चढवायचं. ते भांडं आम्ही शिरोली एमआयडीसीतल्या एका लेथवाल्याकडून करून घेतलं होतं. जून ते ऑक्टोबर काहीच करता येत नसे. हवेतल्या ओलीने तासाभरात थरावर काळे ठिपके पडत. उरलेल्या महिन्यांत वीज जायची, पंप बंद पडायचा. वरिष्ठ विचारायचे, "मॅडम, ह्याचा सिलॅबसशी काय संबंध?"

तिसरा रेणू अक्कांना सगळ्यांत आवडता होता. मी तो काचेवर चढवला, वीज जोडली, मोजणी केली आणि सांगितलं, "उजेड नाही." पुन्हा केली, पुन्हा तेच. अक्कांनी माझ्यावर विश्वास ठेवला. तो आराखडा त्यांनी सोडून दिला आणि पुढची दोन वर्षं दुसरेच रेणू करण्यात घातली. आधीपेक्षा आखूड, आधीपेक्षा सोपे. आपलं गणितच चुकलं, असं त्या धरून चालल्या होत्या.

स्नेहसंमेलनाला व्हिडिओवाला आला होता, बबन नावाचा. दुपारी तो आमच्या प्रयोगशाळेत कॅमेरा चार्जिंगला लावून बसला आणि रिमोट कॅमेऱ्यासमोर धरून बटणं दाबू लागला. अक्कांनी विचारलं, "काय बघताय?"

"रिमोट चालतोय का बघतोय, मॅडम. ह्यातला उजेड डोळ्याला दिसत न्हाय, कॅमेऱ्यात दिसतोय की."

अक्का उठल्या. तिसऱ्या रेणूच्या जुन्या बाटलीत तळाला राहिलेली पूड त्यांनी माझ्यापुढे ठेवली. "थर दे. आत्ता." तीन दिवसांनी खिडक्यांना काळं कापड लावून आम्ही बबनला पुन्हा बोलावलं. वीज जोडली. कॅमेरा अक्कांच्याच हातात होता. बराच वेळ त्या त्यात बघत राहिल्या, मग कॅमेरा माझ्याकडे दिला. मधोमध फिकट पांढुरका चौकोन दिसत होता. तिसरा रेणू उजेड देत होता, दोन वर्षांपूर्वीही देतच असणार. माझं मोजणीचं यंत्र उजेडाच्या त्या टापूत आंधळं होतं. त्याच्या माहितीपुस्तिकेत तसा आलेख छापलेला होता, आणि ती पुस्तिका माझ्याच खणात होती. मी कधी उघडली नव्हती.

अक्का ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "तू 'उजेड न्हाई' म्हणालास, सुरेश. 'मला दिसला न्हाई' असं म्हणायचं हुतं." त्यानंतर दोन आठवडे त्या माझ्याशी बोलल्या नाहीत.

पूड संपली होती. ती पुन्हा करण्यात वर्ष गेलं. तेवढ्यात परदेशातल्या एका गटाने जवळजवळ तसाच रेणू छापून आणला. अक्कांचा लेख परत आला. रेणू नवा नाही आणि उजेड किती ते मोजलेलं नाही, ही दोन कारणं. दुसऱ्या कारणाला उत्तर म्हणून आम्ही एका मोठ्या संस्थेकडे नमुना पाठवला. पावसाळ्यात तो पोचेपर्यंत मेला. अक्कांनी पुन्हा नवा आराखडा मांडला, आणखी ताठ. "मगदूमबाईंचा भुताचा दिवा" असं स्टाफरूममध्ये म्हणत, तेव्हाही त्या डबा खात तिथेच बसलेल्या असत. मला ते सहन व्हायचं नाही. त्या म्हणायच्या, "म्हणू देत. भूत तरी म्हणतात. काहीच न्हाई, असं तर म्हणत न्हाईत."

तांबड्याच्या पलीकडचं पाहणाऱ्या यंत्रासाठी आम्ही दरवर्षी अर्ज करत होतो. ते यंत्र गेल्या महिन्यात आलं, अक्का गेल्यानंतर अठरा दिवसांनी. पोच घ्यायला मीच होतो. खोक्यावर त्यांचं नाव होतं.

अक्कांचा शेवटचा रेणू, सातवा, कोरड्या काचपात्रात तसाच होता. परवा मी त्याचा थर दिला. यंत्राची माहितीपुस्तिका आधी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, मग वीज जोडली. उजेड आहे. फार नाही, पण अक्कांनी कागदावर गणित करून जिथे येईल म्हटलं होतं, बरोबर तिथेच आहे. तीनदा मोजला आणि वहीत लिहिला.

मी मोजत असताना अक्का कधीच खोलीत थांबत नसत. त्यांना ते झेपायचं नाही. बाहेर व्हरांड्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारायच्या, चपलांचा आवाज आत ऐकू यायचा, आणि मी दार उघडलं की असतील तिथे थांबून नुसत्या माझ्याकडे बघायच्या. परवाही वही मिटून, सवयीने, मी दार उघडलं.